सवालातला 'व' कोणाचा?

बारावीची परीक्षा झाल्यावर दोन महिने मी नंदुरबारला एका टायपिंगच्या दुकानात काम केलं. कोरीटहून सकाळच्या एसटीने यायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचं. सरकारी कार्यालयाबाहेर जशी दुकानं असतात तसंच ते होतं. एक झेरॉक्स मशीन, दोन कॉम्प्युटर, स्टॅम्प पेपर घेऊन आलेल्या माणसांची रांग आणि भिंतीला टेकलेला एक जुना कूलर. दिवसाला पंधरा-वीस प्रतिज्ञापत्रं टाइप करायचो. त्यातलं एक वाक्य इतक्यांदा टाइप केलं, की ते अजून बोटांत आहे : 'वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे.'

एकदा माझाच एक वर्गमित्र रांगेत आला. त्याला इथे रऊफ म्हणू या. खरं नाव वेगळं आहे, पण अडचण हीच होती. शाळेच्या दाखल्यावर रउफ, रेशन कार्डावर रौफ, गुणपत्रिकेवर रऊफ आणि त्याच्या वडिलांच्या एका जुन्या कागदावर रवुफ. चारही एकाच माणसाची नावं. मी हसून विचारलं, "नक्की कुठलं रे तुझं?" तो म्हणाला, "घरी विचारलं तर चारही बरोबरच वाटतात. तू टाइप कर ना." पलीकडून दुकानमालक ओरडले, "नाव नीट लिखजो रे भो!"

नीट म्हणजे कसं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. दाखला लिहिणारे गुरुजी आळशी होते, रेशन कार्डवाला निष्काळजी होता, एवढंच माझं निदान होतं. पुढे इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरीला लागलो आणि एका प्रकल्पात नावं जुळवणारा प्रोग्राम लिहायची वेळ आली, तेव्हा ही चार नावं पुन्हा समोर आली. या वेळी दोष गुरुजींचा नव्हता. रऊफच्या नावात मधोमध एक खूण आहे, आणि ती आपल्या लिपीत येताना चार वेगवेगळ्या रूपांत फुटते. ती खूण म्हणजे हमजा.

हा लेख त्या खुणेबद्दल आहे. खरं म्हणजे, मराठीत आपण ती खूण आजवर कशी वाचली आणि कशी वाचली नाही, याबद्दल आहे.

घशातला एक थांबा

लहान मूल जेवणाचा घास नाकारताना 'अं-अं' करतं. दोन 'अं'च्या मध्ये घशाच्या तळाशी श्वास क्षणभर अडतो आणि सुटतो. तो अडलेला क्षण म्हणजेच हमजाचा उच्चार. मराठीत हा आवाज आपण सगळेच काढतो, पण त्याला वर्ण मानत नाही, कारण त्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. अरबीत बदलतो. तिथे हे 'क' किंवा 'त'सारखंच एक व्यंजन आहे.

गंमत अशी की, इतकं महत्त्वाचं व्यंजन असूनही अरबी लिपीत त्याला स्वतःची बसायची जागा नाही. हमजा कधी अलिफच्या डोक्यावर बसतो, कधी अलिफच्या पायाशी, कधी वाववर, कधी येवर, तर कधी कोणाचाच आधार न घेता ओळीवर एकटा राहतो. कुठे बसायचं याचा नियम आहे, आणि तो वाचताना मला एखाद्या फंक्शनचा कोड वाचतोय असंच वाटलं. शब्दाच्या सुरुवातीला असेल तर अलिफ. शब्दाच्या मध्ये असेल तर हमजावरचा स्वर आणि त्याच्या आधीचा स्वर यांची तुलना करायची. 'इ' सगळ्यांत बलवान, मग 'उ', मग 'अ', आणि स्वर नसणं सगळ्यांत दुबळं. जो जिंकेल त्याची खुर्ची. 'इ' जिंकला तर ये, 'उ' जिंकला तर वाव, 'अ' जिंकला तर अलिफ. पोटनियम आणि अपवाद आहेत, पण गाभा हा.

आता प्रश्न असा की, एका व्यंजनाला दुसऱ्याच्या खुर्चीवर का बसावं लागतं? याचं उत्तर इतिहासात आहे. इस्लामच्या आरंभकाळात मक्केच्या बाजूच्या, म्हणजे हिजाजच्या बोलीतून हा घशातला थांबा बऱ्याच अंशी नाहीसा झालेला होता. तिथली माणसं त्याच्या जागी 'व' किंवा 'य' म्हणत किंवा आधीचा स्वर लांबवत. कुराणाचं लेखन त्या बोलीच्या वळणाने झालं. म्हणजे जे ऐकू येत होतं ते लिहिलं गेलं : वाव, ये आणि अलिफ. पूर्वेकडच्या तमीमसारख्या टोळ्या मात्र तो थांबा स्पष्ट उच्चारत. पुढे व्याकरणकारांनी प्रमाण उच्चारात हा थांबा कायम केला, पण आधीचं लेखन पवित्र, त्यातलं अक्षर बदलता येईना. मग अक्षर तसंच ठेवून त्याच्या डोक्यावर एक छोटी खूण बसवली गेली. ही खूण आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमदने तयार केली, असं परंपरा सांगते. तिचा आकार त्याने ऐन या अक्षराच्या डोक्यावरून घेतला, कारण ऐनचा उच्चारही घशातच होतो.

म्हणजे हमजाची खुर्ची ही हमजा न उच्चारणाऱ्यांची आठवण आहे. खालचं अक्षर एका बोलीचं, वरची खूण दुसऱ्या बोलीची. एकाच अक्षरात दोन उच्चार एकावर एक ठेवलेले आहेत आणि दोघांपैकी कोणालाही हाकलून दिलेलं नाही. तडजोडीचं असं लेखन मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही.

सवाल आणि जवाब

आता आपल्या घरात या.

कलगी-तुऱ्याचे फड, एकाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने जवाब द्यायचा. तमाशातही हेच. १९६४च्या अनंत माने यांच्या चित्रपटाचं नावच 'सवाल माझा ऐका!' सवाल-जवाब हा जोडशब्द मराठीत इतका मुरलाय की, ते दोन वेगळे शब्द आहेत हेही लक्षात येत नाही. दोन्ही अरबी. दोन्हींच्या मध्ये 'वा'. सख्खे भाऊ वाटावेत असे.

पण ते भाऊ नाहीत. 'जवाब'मधला 'व' खरा आहे. तो मूळ धातूतलाच वाव आहे. 'सवाल'मध्ये मुळात 'व' नव्हताच. अरबीत तो 'सुआल', मध्ये घशातला थांबा. हमजावर 'अ', त्याच्या आधी 'उ'. वरचा नियम लावून बघा : 'उ' बलवान, म्हणून खुर्ची वावची. आपल्याकडच्या फारसी-उर्दूतून शब्द मराठीत आला तोवर वरचा हमजा उडाला होता आणि खालची खुर्चीच उच्चारली जात होती. सवालातला 'व' हा हमजाच्या खुर्चीचा 'व' आहे. पाहुणा निघून गेला, आणि आपण त्याच्या खुर्चीलाच पाहुणा समजून पानावर वाढत राहिलो.

एकदा हे कळलं की, रस्त्यावरच्या पाट्या वेगळ्या दिसायला लागतात. 'नायब तहसीलदार' या पाटीतला 'य' हमजाची खुर्ची. 'फायदा', 'कायम', 'गायब', 'जायज', 'दायरा' या सगळ्यांतले 'य' हमजाच्या खुर्च्या. 'कायदा' आणि 'फायदा' हे यमक आपण सहज जुळवतो, पण कायद्यातला 'य' हमजातून आलेला नाही, तो ऐनच्या जागी आलेला आहे. दोन वेगळ्या व्यंजनांना मराठीने एकच 'य' दिला. 'मसला' हा 'सवाल'च्याच धातूतून निघालेला सख्खा भाऊ, पण तिथे हमजा कोणतीच खूण न ठेवता गेला. 'जुर्रत'मध्ये हमजा गेला आणि त्याचं वजन 'र'वर पडून 'र' दुहेरी झाला. 'तारीख'मध्ये तो 'ता'च्या लांबीत विरला, आणि ते अरबीतच घडलं.

म्हणजे मराठीत हमजा नाही असं म्हणणं चूक आहे. तो आहे, फक्त सगळीकडे वेषांतर करून आहे.

शुद्धीवाल्यांचं वाचन

या शब्दांकडे मराठीने पहिल्यांदा पाहिलं ते 'आपले की परके' या नजरेने. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला तो दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्यामागे नव्या राज्याची गरज होती, ती समजण्यासारखी आहे. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. 'तारीख'ऐवजी 'दिनांक' आपण अजून अर्जांवर लिहितो तो त्याच चळवळीतून.

यात सर्वांत गुंतागुंतीचं उदाहरण माधव जूलियन यांचं आहे. माधव त्र्यंबक पटवर्धन हे फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा 'फारशी-मराठी कोश' आला. अरबी-फारसी छंदशास्त्र मराठीला समजावून गझल इथे रुजवली ती त्यांनी, 'गज्जलांजलि' त्यांचीच. त्या छंदशास्त्राचा जनक म्हणजे बसऱ्याचा तोच खलील, ज्याच्या नावावर हमजाची खूण आहे. म्हणजे खलीलची एक देणगी माधव जूलियनांनी मराठीत आणली. पण पुढच्या काळात तेच भाषाशुद्धीचे खंदे पुरस्कर्ते झाले. १९३६ साली आमच्या खानदेशात, जळगावला, साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि त्यांचा 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथ त्यानंतर आला.

त्यांना मी दुटप्पी म्हणणार नाही. ज्याने कोश करताना एकेक शब्द हाताळला, त्यालाच मराठीत किती शब्द बाहेरून आले याची सर्वांत जास्त धास्ती वाटणं स्वाभाविक आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. शुद्धीच्या नजरेला शब्दाचं जन्मगाव दिसतं, त्याने केलेला प्रवास दिसत नाही. 'सवाल' हा अरबी शब्द आहे असं म्हणताना आपण जो शब्द काढून टाकू पाहतो, तो अरबीत त्या रूपात बोललाच जात नाही. प्रमाण अरबी बोलणाऱ्यासमोर 'सवाल' म्हणा, त्याला तो 'सुआल'चा बोबडा उच्चार वाटेल. 'फायदा', 'नायब', 'मसला' यांचंही तेच. घशातलं व्यंजन काढून त्या जागी आपल्या तोंडाला येणारा 'व' किंवा 'य' बसवणं, हेच तर शब्दाचं मराठीत येणं. मोल्सवर्थने एकोणिसाव्या शतकातच आपल्या मराठी-इंग्रजी कोशात असे शब्द मूळ भाषेची खूण लावून सरळ मराठी शब्द म्हणून नोंदवले. मूळही सांगितलं आणि घरातही घेतलं. मला ही रीत जास्त प्रामाणिक वाटते.

आणि सावरकरांच्या बाबतीत तर लिपीनेच एक गंमत केली आहे. त्यांनी मांडलेली 'अ'ची बाराखडी तुम्ही जुन्या पुस्तकांत पाहिली असेल : अि, अी, अु, अू, अे. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं कशाला, 'अ'लाच काना-मात्रा-वेलांटी लावा, टाइपाचे खिळे वाचतील, हा विचार. काका कालेलकरांसारखे दुसऱ्या विचारांचे लोकही याच सुधारणेच्या बाजूने होते. व्यवहार म्हणून उत्तम कल्पना. पण रचना म्हणून बघा. 'अि'मधला 'अ' उच्चारला जात नाही, तो वेलांटीला बसायला दिलेली खुर्ची आहे. अरबीत शब्दाच्या सुरुवातीला 'इ' लिहायचा तर अलिफ उभा करून त्याच्या पायाशी हमजा आणि 'इ'ची खूण देतात. देवनागरी अलिफच्या सर्वांत जवळ गेली ती या सुधारणेत, आणि तिचा मोठा प्रचारक होता अरबी शब्द हटवू पाहणारा माणूस. यात मला त्यांची खोड काढायची नाही. लिहिण्याच्या अडचणी सगळ्यांच्या सारख्याच असतात आणि त्यावरची उत्तरंही फार वेगळी निघत नाहीत, एवढंच दिसतं.

नुक्तावाल्यांचं वाचन

दुसरं वाचन आपल्या पिढीचं आहे. इन्स्टाग्रामवर मराठी गझल आणि शायरी टाकणारी जी अकाउंट्स आहेत, त्यांत हल्ली नुक्त्यांची पेरणी असते. ग़ज़ल, ख़्वाब, ज़िंदगी. काही जण पुढे जाऊन शे'र, मा'लूम असं लिहितात. ही वरची खूण रेख्तासारख्या संकेतस्थळांवरून आली. तिथे तिला अर्थ आहे. उर्दू लिपी न येणाऱ्या माणसाला उर्दू कविता वाचायची आहे, त्याला मूळ अक्षराचा माग हवा, म्हणून ती खूण. रेख्तामुळे माझ्यासारख्या हजारो पोरांनी उर्दू वाचली, तेव्हा तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

तक्रार मराठी ओळीत ती खूण दागिन्यासारखी घालण्याबद्दल आहे. 'शे'र' आणि 'मा'लूम' यांतली खूण ऐनची. मराठी माणूस तो ऐन उच्चारत नाही, उर्दू बोलणारेही बहुतेक उच्चारत नाहीत. मग ती खूण कोणासाठी? 'मला हे कुठून आलं ते माहीत आहे' हे सांगण्यासाठी. आणि ते माहीत असणंसुद्धा अर्धवट असतं. जी पोस्ट 'शे'र' लिहिते तीच खाली 'सवाल', 'फ़ायदा', 'क़ायम' सरळ लिहिते. 'क़'ला आणि 'फ़'ला नुक्ता मिळतो, त्यांच्या शेजारच्या 'य'खाली दडलेल्या हमजाला काहीच मिळत नाही, कारण तो दिसतच नाही. नुक्ता फक्त दिसणाऱ्या परकेपणाला सलाम करतो. जे मिसळून गेलं त्याची दखल घेत नाही.

यातून एक सूक्ष्म उतरंड तयार होते. नुक्ता लावणारा सुसंस्कृत आणि 'जिंदगी' लिहिणारा गावंढळ. नंदुरबारच्या बाजारात मुसलमान दुकानदार, अहिराणी बोलणारा शेतकरी, भिल्ल मजूर, गुजराती व्यापारी सगळे 'जिंदगी'च म्हणतात. ज्यांच्या पूर्वजांनी हे शब्द इथे चालते-बोलते ठेवले त्यांचाच उच्चार चुकीचा ठरवायचा, हे मला पटत नाही.

शुद्धीवाला आणि नुक्तावाला एकमेकांचे विरोधक वाटतात. एकाला शब्द हाकलायचा आहे, दुसऱ्याला तो सजवायचा आहे. पण दोघांचाही आग्रह एकच : शब्द ज्या रूपात आपल्या तोंडी आहे ते रूप कमअस्सल. हिजाजच्या माणसाने चौदाशे वर्षांपूर्वी घशातला थांबा सोडून त्या जागी 'व' आणि 'य' म्हटले. त्याचा उच्चार लिपीने खुर्ची म्हणून जपून ठेवला. तीच गोष्ट आपण केली. मग आपलाच उच्चार भ्रष्ट कसा?

कोडवाल्यांचं वाचन

तिसरं वाचन माझं, आणि त्याबद्दल मला सर्वांत कमी बोलावंसं वाटतं.

माझं काम होतं दोन याद्यांमधली नावं जुळवायची. दोन नावं किती सारखी आहेत याचं एक साधं माप आहे : एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचं आणि मोठ्या नावाच्या लांबीने भागायचं. मी मर्यादा ८५ टक्के ठेवली. त्याहून कमी सारखेपणा असेल तर नाव 'जुळत नाही' या यादीत जाणार. चाचणी घेतली, बहुतेक नावं जुळली, सगळे खूश.

आता गणित करून बघा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने 'ज्ञानेश्वर' या नावात १० घटक आहेत : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. त्यात एक चूक झाली तरी सारखेपणा ९० टक्के. पास. 'रऊफ'मध्ये घटक ३. 'रऊफ'चं 'रउफ' किंवा 'रौफ' झालं की ३ पैकी १ बदलला, सारखेपणा ६७ टक्के. 'रवुफ' झालं तर ५० टक्के. नापास. 'आयशा' या नावातला 'य' म्हणजे पुन्हा हमजाच. कोणी आएशा लिहितं, कोणी आईशा, कोणी आयेशा. पहिल्या दोन रूपांना ७५ टक्के, तिसऱ्याला ८०. तिन्ही नापास.

म्हणजे माझ्या नियमात दोन अन्याय एकावर एक होते. नाव जितकं छोटं तितकी एका चुकीची शिक्षा मोठी. आणि ज्या नावात हमजा आहे त्यात ती 'चूक' होण्याची शक्यताच सर्वांत जास्त, कारण त्या आवाजाला आपल्या लिपीत ठरलेलं घर नाही. मी कोणाचाही धर्म पाहिला नव्हता. कोडमध्ये धर्माची चौकटच नव्हती. तरी 'जुळत नाही'च्या यादीवरून नजर फिरवली, तेव्हा ती कोणाच्या नावांनी भरली होती हे सांगायला नको.

अरबीत शोध घेणाऱ्या प्रणालींना हा प्रश्न जुना आहे. ल्युसीन नावाचं शोधासाठी सर्रास वापरलं जाणारं सॉफ्टवेअर अरबी मजकूर घेताना अलिफवरचा आणि अलिफखालचा हमजा काढून टाकतं आणि नुसता अलिफ ठेवतं, कारण माणसं टाइप करताना तो लावतातच असं नाही. तिथे कोणीतरी विचार केला की, ही चूक नाही, ही लिहिण्याची सवय आहे, आणि मशीनने सवयीला जुळवून घ्यावं. देवनागरीतल्या अरबी नावांसाठी मी तो विचार केला नव्हता. मला तो सुचायला हवा होता, कारण त्या चार रूपांचं प्रतिज्ञापत्र मी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं.

माझ्या गावाचं नावही त्या नियमात नापासच होतं. 'कोरीट'चं 'कोरिट' झालं की ५ पैकी १, सारखेपणा ८० टक्के. पण ते कधी अडलं नाही, कारण गाव यादीतून निवडायचं असतं आणि प्रत्येक गावाला सरकारी क्रमांक आहे. गावाचं स्पेलिंग गावाला सिद्ध करावं लागत नाही. माणसाला करावं लागतं.

उलट्या दिशेने

चौदाव्या शतकात एक अरबी लिहिणारा प्रवासी आमच्या बाजूला येऊन गेला. इब्न बतूता. दिल्लीहून चीनकडे निघालेला तो १३४२-४३च्या सुमारास दौलताबादहून नंदुरबारला आला आणि पुढे खंबायतकडे गेला. इथे मराठ्यांची वस्ती आहे, ते कारागिरीत हुशार आहेत, वैद्य आणि ज्योतिषी आहेत, भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, असं त्याने सांगून ठेवलंय. मराठी माणसांचं बाहेरच्याने केलेलं हे फार जुन्या वर्णनांपैकी एक. त्याच्या अरबी मजकुरात गावाच्या नावातला पहिला अनुस्वार नाही, आणि 'द'च्या जागी अरबीतलं दाताशी जीभ लावून म्हणायचं वेगळंच अक्षर आहे.

म्हणजे आमचं नाव त्याच्याही लिपीत पूर्ण मावलं नाही. कोरीट तर मुळीच मावलं नसतं, अरबीत 'ट'च नाही. तो आमच्या गावाला 'कोरीत' म्हणाला असता आणि त्यात अपमान करायचा त्याचा हेतू नसता. उर्दूने पुढे 'त'च्या अक्षरावर छोटी खूण बसवून 'ट' तयार केला, अगदी खलीलने अक्षरावर हमजा बसवला तसाच. देवनागरीनेही हे केलंय. नेपाळ-सिक्कीमकडची लिंबू भाषा देवनागरीत लिहायची तर घशातल्या थांब्यासाठी अक्षर हवं, म्हणून ॽ हे चिन्ह २००५ साली युनिकोडमध्ये देवनागरीच्या कुटुंबात आलं. बघा, तुमच्या फोनवर दिसत असेल. मराठीला त्याची गरज नाही, आणि मी ते रऊफच्या नावात घाला असंही म्हणत नाही. एवढंच म्हणतो की, लिप्या लवचीक असतात. अडून बसतात त्या माणसांनी केलेल्या याद्या.

आणि मराठीजवळ स्वतःची सोय आहेच. 'आई', 'जाऊ', 'घेऊन' लिहिताना आपण शब्दाच्या मध्ये पूर्ण स्वर लिहितो. हा पूर्ण स्वर म्हणजे दोन स्वरांमधल्या फटीची खूण : इथे मागचं मागे थांबलं, इथून नवीन सुरू. तो हमजा नव्हे, पण त्याचं काम जवळपास तेच. 'रऊफ'मधला 'ऊ' हेच करतो. दाखला लिहिणाऱ्या गुरुजींनी ऱ्हस्व काढला, रेशन कार्डवाल्याने दोन स्वर जोडून 'औ' केला, जुन्या कागदावरच्या कारकुनाने मध्ये 'व' घातला. त्या शेवटच्या कारकुनाने तर तेच केलं, जे 'सवाल'च्या बाबतीत सगळ्या मुलखाने केलं होतं. कोणीही मूर्ख नव्हतं. चौघांनीही आपापल्या कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं.

मी नियम बदलला. स्वरांची जवळची रूपं एक धरायची, स्वरांमधल्या 'य' आणि 'व'ला सूट द्यायची, आणि छोट्या नावांना टक्केवारीने मोजायचंच नाही, ती माणसाने बघायची. बैठकीत एकाने विचारलं, "एवढ्या थोड्या नावांसाठी?" मी त्यांना सवाल-जवाबाची गोष्ट सांगितली. ती किती कळली माहीत नाही, पण बदल मंजूर झाला.

त्या रात्री रऊफला फोन केला. तो आता सुरतेला असतो. त्याला म्हटलं, तुझ्या चार नावांपैकी चुकीचं एकही नव्हतं. तो म्हणाला, "हे तेव्हा सांगायचं होतंस. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर वाचला असता." मग जरा थांबून म्हणाला, "पोराचं नाव ठेवताना मात्र मी बघून ठेवलं. काना-मात्रा काही नाही असं. कोणी काही चुकवूच शकणार नाही."

नाव छान आहे. पण ते निवडताना त्याने आधी आमच्या याद्यांचा विचार केला, नावाचा नंतर.